फूल की दोन पाने? : जनमत कौल आणि निवडणूक यांतला फरक

मंडळाच्या शाळाभेटींत मागे एका हायस्कुलात नववीच्या वर्गापुढे बोलायला गेलो होतो. विषय नागरिकशास्त्रातला: शासन म्हणजे काय, विधिमंडळ काय करते, बहुमत कशाला म्हणायचे. पुस्तकातल्या व्याख्या मुलांना पाठ होत्या, म्हणून मी गोव्याच्या जनमत कौलाची गोष्ट सांगितली. 16 जानेवारी 1967 ला मतदान झाले, विलीनीकरणाची बाजू हरली आणि गोवा केंद्रशासित राहिला. आणि मार्चअखेर झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला, हेही ओघात सांगून टाकले.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, जानेवारीत हरले आणि मार्चमध्ये जिंकले? तेच लोक मत देत होते ना? मग खरे मत कुठले?"

तिथे काहीतरी उत्तर दिले, पण ते मलाच पटले नाही. मी पेशाने इंजिनियर, इतिहास आपला आपण वाचून शिकलेला. हिशेब जुळला नाही की झोप येत नाही. हा निबंध म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचे घर अंत्रूज महालातले, मराठीवाले. आमच्या घरची मते फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला गेली होती. माझा जन्म त्यानंतरचा, पण लहानपणी कौलाचा विषय निघाला की घरात कोणीतरी सुस्कारा टाकायचे हे आठवते. तेव्हा मी लिहितो आहे ते हरलेल्या बाजूच्या घरातून. वाचकांनी ते लक्षात ठेवून वाचावे.

आधी काय होते

मुक्ती 19 डिसेंबर 1961 ची. त्याआधी गोव्यात मतदान नव्हतेच असे नाही. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राज्य आल्यावर 1822 साली गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले होते. पण मताचा अधिकार मोजक्यांना होता. पुढे सालाझारच्या राजवटीत विरोधी पक्षालाच जागा नव्हती, तिथे निवडणुकीला अर्थ तो काय?

गावपातळीवर गांवकरी होती. पोर्तुगीज त्याला कोमुनिदाद म्हणत. गावची जमीन सामाईक, तिचा लिलाव, बांधबंदिस्ती, देवळाचा खर्च हे सगळे गांवकार एकत्र बसून ठरवत. काही जण हिला आपली प्राचीन लोकशाही म्हणतात. मला ते अर्धेच पटते. चर्चा होत असे, हिशेब मांडला जाई, हे खरे. पण तिथे बसण्याचा हक्क मूळ घराण्यांतल्या पुरुषांचा, वंशपरंपरेने आलेला. त्याच गावात राबणारा कूळ, मुंडकार, कुठल्याही घरातली बाई यांना तिथे आवाज नव्हता. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हा लोकशाहीतला पहिला प्रश्न. गांवकरीचे त्यावरचे उत्तर फार तोकडे होते.

मुक्तीनंतर हे उत्तर एकदम बदलले. 1962 साली ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेश झाला, चौदाव्या दुरुस्तीने अशा प्रदेशांना विधानसभा देण्याची वाट मोकळी झाली आणि 1963 च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने ती प्रत्यक्षात आली. 21 वर्षांवरच्या प्रत्येकाला एक मत. भाटकाराला एक, त्याच्या मुंडकारालाही एकच.

1963 : बहुमत कशाचे?

9 डिसेंबर 1963 ला पहिली विधानसभा निवडणूक झाली. जागा 30: गोव्याच्या 28, दमणची एक, दीवची एक. दयानंद बांदोडकर म्हणजे भाऊसाहेबांच्या मगो पक्षाला 14 जागा मिळाल्या आणि दोन समर्थक धरून 16 झाल्या. डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला 12. काँग्रेसला गोव्यात एकही नाही, मिळाली ती दमणची. 20 डिसेंबरला भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले.

मगोचे म्हणणे सरळ होते. आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर लढलो, लोकांनी आम्हांला निवडले, म्हणजे लोकांना विलीनीकरण हवे. 1965 साली गोवा विधानसभेने तसा ठराव केला, महाराष्ट्र विधानसभेनेही केला.

युनायटेड गोवन्सचे म्हणणे असे, की सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे वेगळे अस्तित्वच संपवणे वेगळे. त्यासाठी लोकांना स्वतंत्रपणे विचारा.

आमच्या घरात हे दुसरे म्हणणे नेहमी ‘पळवाट’ म्हणून सांगितले जायचे. मला आता तसे वाटत नाही. त्याची कारणे निवडणुकीच्या रचनेतच आहेत.

पहिले कारण म्हणजे आपली निवडणूक मतदारसंघाची आहे. प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. एखादा 50 मतांनी जिंकला काय आणि 5,000 मतांनी जिंकला काय, विधानसभेत खुर्ची एकच मिळते. त्यामुळे जागांचे प्रमाण आणि डोक्यांचे प्रमाण एकच असेल असे नाही. सरकार चालवण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे, स्थिर बहुमत मिळते. पण "गोव्यातल्या निम्म्यांहून जास्त माणसांना अमुक हवे" हे तिच्यातून सिद्ध होत नाही.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. निवडणुकीत मतदार एका मतात अनेक गोष्टी एकदम बांधतो. सिंहाच्या चिन्हावर शिक्का मारणाऱ्याच्या मनात काय काय असेल बघा. गावात मराठी शाळा हवी. भाटकाराच्या घरी वाकून उभे राहणे संपायला हवे. आपल्यातला माणूस पणजीत बसायला हवा. भाऊसाहेबांनी परवा देवळाला मदत केली. आणि हो, महाराष्ट्रात जायला हवे. यातले कुठले कारण किती वजनाचे, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नसते. जनादेश मिळतो तो गाठोड्याला. गाठोडे सोडून एकेक वस्तू मोजायची तर वेगळा तराजू लागतो.

कौल कसा लावला गेला

सार्वमताला गोव्यातल्या मराठीत आपण ‘जनमत कौल’ म्हणतो. देवळात कौल-प्रसाद बघितलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, प्रश्न घालतात आणि उजवी पडते की डावी ते बघतात. तिथला नियम असा, की प्रश्न एकच असावा, सरळ असावा आणि उत्तर दोनांतले एक असावे. कौल लावणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसावा. आणि उत्तर आले की मनासारखे नाही म्हणून लगेच पुन्हा विचारू नये.

1966-67 मध्ये जे झाले ते या नियमांना धरूनच झाले.

आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही. राज्ये बनवणे, मोडणे, सीमा बदलणे हा अनुच्छेद 3 प्रमाणे संसदेचा अधिकार. राज्याच्या बाबतीत त्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते मानलेच पाहिजे असे नाही. केंद्रशासित प्रदेशाच्या बाबतीत तर मत मागवण्याचीही सक्ती नाही. म्हणजे दिल्लीने ठरवले असते तर कोणालाही न विचारता गोवा महाराष्ट्राला जोडता आला असता. तसे न करता संसदेने खास कायदा केला. तो 16 डिसेंबर 1966 ला अमलात आला आणि बरोबर महिन्याने मतदान झाले.

गोव्यातल्या मतदाराला विचारले गेले, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? दमण आणि दीवला हाच प्रश्न गुजरातच्या बाबतीत होता. विलीनीकरणासाठी चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. अक्षरओळख नसलेल्यालाही समजावे इतके सोपे.

मग प्रश्न आला निःपक्षपातीपणाचा. मुख्यमंत्री एका बाजूचे पुढारी. तलाठी, मामलेदार, पोलीस सगळे त्यांच्या हाताखाली. अशा स्थितीत घेतलेला कौल दुसऱ्या बाजूने मानला नसता. म्हणून मंत्रिमंडळ बाजूला झाले आणि 3 डिसेंबर 1966 पासून गोव्याचा कारभार राष्ट्रपतींच्या हाती गेला. मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. शाळेच्या सामन्यात कप्तानाने पंच व्हायचे नसते, हे त्यांना लगेच कळते. भाऊसाहेबांनी हे स्वीकारले याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

वाद मतदार यादीवरही झाला. मुंबईत आणि इतरत्र पोटासाठी गेलेल्या गोंयकारांनाही मत हवे, अशी युनायटेड गोवन्सची मागणी होती. ती मान्य झाली नाही. ज्याचे वास्तव्य इथे, मत त्याचे. गांवकरीत ‘लोक’ ठरत होते वंशावरून. कौलात ते ठरले रहिवासावरून.

स्वतंत्र भारतात याआधी जुनागढला फेब्रुवारी 1948 मध्ये सार्वमत झाले होते, नंतर 1975 मध्ये सिक्कीममध्ये झाले. पण ते कुठल्या देशात राहायचे याचे. पाँडिचेरीच्या बाबतीत 1954 साली किळूर इथे लोकांनी नव्हे तर 178 निवडलेल्या प्रतिनिधींनी मतदान केले आणि 170 जण भारताच्या बाजूने होते. देशाच्या आतच, शेजारच्या राज्यात मिसळायचे की नाही, हे थेट जनतेला विचारले गेले ते गोवा, दमण आणि दीवमध्येच.

आकडे काय सांगतात

मतमोजणी पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या सभागृहात झाली. ज्या लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी 1930 साली सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध, गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी ठराव मांडला, त्यांच्याच नावाची ही संस्था. निकाल 19 जानेवारीला लागला.

एकूण मतदार 3,88,432. मतदान 3,17,633, म्हणजे जवळजवळ 82 टक्के. दोन पानांना 1,72,191 मते. फुलाला 1,38,170. बाद 7,272. फरक 34,021 मतांचा.

आता थोडे गणित. वैध मतांपैकी 55.5 टक्के दोन पानांना, 44.5 टक्के फुलाला. 17,011 मतदारांनी मत फिरवले असते तर निकाल उलटला असता. म्हणजे साधारण दर अठरा मतदारांत एक. आणि मतदानालाच न आलेले होते 70,799, फरकाच्या दुपटीहून जास्त. पणजीत त्या दिवशी फटाके वाजले ते इतक्या बारीक फरकावर.

दुसरे गणित जास्त नाजूक आहे, पण टाळता येत नाही. आमच्याकडे सर्रास सांगितले जायचे, की कौल ‘ख्रिस्ती मतांनी’ गेला. तेव्हाच्या लोकसंख्येत हिंदू 60 टक्क्यांच्या आसपास होते. समजा सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी एकजात दोन पानांवर शिक्का मारला. तरी 55 टक्के होत नाहीत. मधली तूट भरून काढणारी हजारो मते हिंदू घरांतूनच गेली असणार, दुसरा मार्ग नाही.

ती गेली याचा पुरावा छापील स्वरूपातही आहे. विलीनीकरणाच्या विरोधातला एक मोठा आवाज होता मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकाचा, आणि ते दैनिक मराठी होते. संपादक चंद्रकांत केणी. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याच पानांतून मराठीत येत होते. विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘गोमन्तक’ही मराठी. म्हणजे दोन्ही बाजूंचे भांडण बऱ्याच अंशी मराठीतच चालले होते. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी, हे समीकरण 1967 मध्येच चुकीचे ठरले होते. आम्ही मराठीवाल्यांनी ते मान्य करायला फार वर्षे घेतली.

मार्च 1967

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. 28 मार्च 1967 ला विधानसभेसाठी मतदान झाले. मगो 16, युनायटेड गोवन्स 12, अपक्ष 2. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

कौलात जिंकलेल्यांना हा धक्काच होता. काहींना वाटले, लोकांना कळत नाही. मला वाटते लोकांना फार नेमके कळत होते. जानेवारीत प्रश्न होता गोवा वेगळा राहावा की नाही. मार्चमध्ये प्रश्न होता राज्य कोणी चालवायचे. मधल्या काळात भाऊसाहेबांच्या सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या होत्या, 1964 मध्ये कूळकायदा आणला होता. ज्या घरातली पहिली पिढी शाळेत जाऊ लागली, त्या घराला तो पक्ष हवा होता. त्यातल्याच काही घरांना गोवा मात्र वेगळा हवा होता. गाठोडे घेतले, एक वस्तू परत केली.

वर केलेले दर अठरात एकाचे गणित इथे लागू पडते. असे करणारे मतदार फार मोठ्या संख्येने असण्याची गरज नाही. दोन्ही निकाल एकदम खरे ठरायला थोडे हजारही पुरतात. बाकीचे आपापल्या जागी ठाम होते.

म्हणून "खरे मत कुठले?" याचे माझे उत्तर: दोन्ही. लोकांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यावर. 1963 च्या विजयाला विलीनीकरणाचा कौल समजणे ही आमच्या बाजूची चूक होती. आणि जानेवारी 1967 च्या विजयाला राज्य करण्याचा परवाना समजणे ही त्यांच्या बाजूची.

हरलेल्यांचे काय

पाठ्यपुस्तकात बहुमताविषयी पुष्कळ असते. हरलेल्या 1,38,170 लोकांचे पुढे काय झाले, हे नसते. ते कुठे गेले नाहीत. त्यांनी दोन महिन्यांनी त्याच यंत्रणेत पुन्हा मतदान केले, आपले सरकार आणले आणि त्या सरकारने कौलाविरुद्ध बंड केले नाही. कौल लावल्यावर मनासारखा नाही म्हणून पुन्हा लावायचा नाही, हा देवळातला नियम राजकारणातही पाळला गेला. विलीनीकरणाची भाषा हळूहळू मागे पडली. 30 मे 1987 ला गोवा घटक राज्य झाला.

जिंकलेल्यांचीही परीक्षा असते. 44.5 टक्क्यांना "तुमचा निकाल लागला" म्हणून गप्प बसवता येत नाही. मराठी-कोकणीचा प्रश्न पुढे वीस वर्षे धुमसला, आणि 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली तरी मराठीच्या वापराची सोय ठेवावी लागली. तो कायदा कोणालाच पूर्ण पटलेला नाही. मी स्वतः त्यावर घरी आणि मंडळात भरपूर भांडलो आहे. पण तो भांडणाऱ्या दोघांना एका घरात ठेवतो, हे मान्य करावे लागते.

माझ्या वडिलांना शेवटच्या दिवसांत एकदा विचारले, "तेव्हा फूल जिंकले असते तर बरे झाले असते का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा रडायला आलेले. पण तुझी विधानसभा पणजीत आहे, मुंबईत नाही. आमदाराला भेटायचे तर सकाळच्या बसने जाऊन जेवायला परत येतोस." मत बदलले असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

वाचकांना एक विनंती

त्या वेळी मताचा अधिकार 21 व्या वर्षी मिळत असे. म्हणजे कौलात मत दिलेला तरुणातला तरुण माणूससुद्धा आज ऐंशीच्या आसपास आहे. सरकारी आकडे जपलेले आहेत, ते कुठे जाणार नाहीत. जातील त्या आठवणी. आपल्या घरात, वाड्यावर, शेजारच्या वाड्यावर अशी कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा. जानेवारीत शिक्का कशावर मारला आणि का? मार्चमध्ये कशावर? आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी उलट बाजूच्या शेजाऱ्याशी बोलणे झाले का?

पहिली दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील तर ती दुरुस्त करायला जाऊ नका. जशी सांगितली तशीच लिहा. जमलेली उत्तरे मंडळाकडे द्या, आपण ती एकत्र लावू. त्या मुलीच्या शाळेतही ती घेऊन पुन्हा एकदा जायचे माझ्या मनात आहे.